दहाव्या रॉडच्या पुढे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात रात्री साडेअकराला बोअरची गाडी आली. तमिळनाडू पासिंगची मोठी गाडी, मागे रॉड आणि डिझेल घेऊन दुसरी गाडी, आणि कॉम्प्रेसर एकदा सुरू झाला की अर्धं गाव जागं होतं. मी पण गेलो बघायला. दुपारीच पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवून ठेवलेली. आधी लाल मुरूम उडाला, मग राखाडी भुकटी, मग नुसता काळा दगड, आणि शेतमालक प्रत्येक रॉडला खाली वाकून ती भुकटी चिमटीत घेऊन बघायचा, ओल लागतीय का म्हणून. एक रॉड वीस फुटांचा. मी मोजत उभा होतो. दहा रॉड गेले, कोरडं. वीस गेले, कोरडं. एकतिसाव्याला भुकटी जराशी चिकट लागली आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, पण पुढच्या दोन रॉडला परत धूळच. गाडीवाल्यानं विचारलं, अजून घालू का, तर त्या माणसानं फक्त हातानं खूण केली, घाला म्हणून.

दहावा रॉड मी मुद्दाम मोजला होता. दहा रॉड म्हणजे २०० फूट म्हणजे साधारण ६० मीटर, आणि महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला बंदी आहे. हा कायदा २००९ चा असला तरी लागू झाला २०१४ ला. त्यात बोअरच्या गाडीची नोंदणी करायची आहे, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरचं अंतर ठेवायचं आहे (हे अंतर तर १९९३ च्या जुन्या कायद्यापासून आहे), पाणलोटाच्या समित्या करायच्या आहेत, सगळं लिहिलेलं आहे. त्या रात्री तिथं उभ्या असलेल्या तीस-चाळीस लोकांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, आणि ज्या दोघा-तिघांना माहीत असायला पाहिजे होतं ते तिथं नव्हते.

म्हणून मला या विषयावर लिहायचंय. राज्य सरकारनं गावाची साधनसंपत्ती जपायला काय करावं असं विचारलं की आपल्याकडे लगेच नवीन योजनेचं नाव सुचवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. योजना आपल्याकडे भरपूर आहेत, कायदेही आहेत. गावानं स्वतःच्या पाण्याबद्दल, गायरानाबद्दल, नदीच्या वाळूबद्दल एखादा निर्णय घेतला तर त्याच्या मागं सरकार खंबीरपणे उभं राहतं का, हा खरा प्रश्न आहे आणि माझ्या अनुभवात तरी त्याचं उत्तर नाही असं आहे.

आधी पाण्याचंच बोलू कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. महाराष्ट्राची जवळपास ८२ टक्के जमीन बेसाल्टवर आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. वाळूमातीच्या मुलखात पाणी खोलवर झिरपत राहतं आणि साठतं, तसं आपल्या दगडात होत नाही. आपलं पाणी राहतं वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, ते दर पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत उपसलं जातं. म्हणजे आपल्या पायाखाली कुठला समुद्र नाहीये, एक वर्षाची बेगमी आहे फक्त. खोल बोअरला जे लागतं ते कुठल्यातरी भेगेत अडकलेलं जुनं पाणी असतं, ते एकदा ओढलं की परत भरायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. आणि बऱ्याचदा तर तो बोअर वरच्या थरातलं शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी खाली ओढून घेतो. म्हणजे एकाच्या चौतीस रॉडमुळं दुसऱ्याची चाळीस फुटांची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, मग तो पण बोअर घेतो, मग तिसरा घेतो. यात कुणीच वाईट माणूस नाही, प्रत्येकाला स्वतःचं पीक वाचवायचंय, पण शेवटी आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता सरकार काय करतं बघा. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार सुरू झालं. हेतू चांगला होता, गावोगाव लोक मनापासून राबले, मी स्वतः बांध घालायला गेलेलो आहे आणि त्या कामाला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण कॅगचा जो अहवाल २०२० ला विधिमंडळात आला त्यात स्पष्ट म्हटलंय की ९,६३३ कोटी रुपयांवर खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात या अभियानाचा फारसा उपयोग झाला नाही. राजकारण्यांनी त्यावर जे भांडायचं ते भांडून घेतलं. मला त्यातून समजलं ते एवढंच, की आपण पाणी अडवायला पैसे घालतो पण अडवलेलं पाणी कोण किती उपसणार हे कुणी ठरवत नाही. बंधाऱ्यात पाणी आलं की त्या वर्षी शेजारी ऊस वाढतो, मोटारी वाढतात, आणि बंधारा पाच वर्षात गाळानं भरला तरी तो काढायचा खर्च कुणी करायचा हे कागदावर कुठंच नसतं. कॉन्ट्रॅक्टरचं बिल निघालं की काम संपलं. आमच्या ओढ्यावर चार सिमेंट बंधारे आहेत, दोनांच्या फळ्याच नाहीत. फळ्या म्हणजे लोखंडी दारं हो, पावसाळा संपताना बसवायची असतात, ती कुठं गेली कुणाला माहीत नाही. लाखोंचा बंधारा दारांवाचून उभा आहे आणि पाणी सरळ निघून जातं. नवीन बंधाऱ्याला फंड मिळतो, जुन्याच्या दाराला मिळत नाही.

शेततळ्याचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ ची. मूळ कल्पना फार छान होती, वाहून जाणारं पावसाचं पाणी खड्ड्यात अडवायचं आणि खंड पडला की पिकाला द्यायचं. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय होतं, तर शेततळं खणतात, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात म्हणजे एक थेंब मुरणार नाही, आणि मग पावसाळ्याच्या शेवटी विहिरीला किंवा बोअरला मोटर लावून ते तळं भरून घेतात. मार्चमध्ये त्याच्या बागेला पाणी असतं. पण ते पाणी आलं कुठून, तर सगळ्या शिवाराच्या पोटातून, आणि बरंचसं उन्हानं उडून जातं ते वेगळंच. जे सगळ्यांचं होतं ते एकाच्या तळ्यात गेलं, आणि सरकारचं अनुदान त्याच्यावरच! द्राक्षाची-डाळिंबाची बाग वाचवायची त्या शेतकऱ्याची धडपड मला समजते, त्याला दोष देऊन काही उपयोग नाही. पण अनुदान देताना ओढ्याच्या पाण्यानं भरणार की बोअरच्या, हा एक प्रश्न तरी विचारायचा की नाही?

हेच विजेचं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत केली, मार्च २०२९ पर्यंत, आणि शिवाय मागेल त्याला सौर कृषी पंप. मला माहितीय की यावर बोललं की लोक अंगावर येतात, शेतकऱ्याच्या जिवावर उठलायस का म्हणतात. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे, रात्री दोनला लाइट आली म्हणून साप-किरडाच्या भीतीनं बॅटरी घेऊन मोटर चालू करायला आम्ही गेलोय, त्यामुळं दिवसा वीज हा हक्कच आहे असं मी म्हणतो. पण वीज फुकट, पंप फुकटात पडल्यासारखा, बोअरला विचारणारं कुणी नाही, आणि उसाला भाव कसा का असेना पण हमखास उचल आहे, असं सगळं एकत्र आल्यावर पाण्याचं काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ऊस राज्याच्या पिकांखालच्या जमिनीतला छोटा हिस्सा, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्याला जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, आणि लातूर हा उसाच्या कारखान्यांचा जिल्हा आहे हे त्या वेळी फार कमी लोकांनी बोलून दाखवलं.

मग कुणी म्हणतं, गावानं ठरवलं तर सगळं होतं, हिवरे बाजार बघा. बरोबर आहे, बघाच. नगरजवळचं दुष्काळी गाव, १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर चर खणले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले. पिण्याला किती, जनावरांना किती, खरिपाला किती, उरलं तर रब्बीला किती. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी कुठलं पीक घ्यायचं नाही हे ग्रामसभाच ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. तिकडं पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत केली, त्यांचा नियम तर अजून पुढचा होता, पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही तर घरातल्या माणसांच्या हिशोबानं, म्हणजे भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात एक माणूस हे करून दाखवून गेला.

पण माझा मुद्दा इथंच आहे. चाळीस हजारांवर गावं आहेत राज्यात, प्रत्येक गावात पोपटराव कुठून आणायचे? आदर्श गावाच्या सहली निघतात, लोक बसनं जाऊन बघून येतात, फोटो काढतात, आणि परत आल्यावर सरपंचाला जेव्हा भावकीतल्याच माणसाची बोअरची गाडी अडवायची वेळ येते तेव्हा तो एकटा असतो. तो त्याच्याच गल्लीत राहतो, पुढच्या निवडणुकीत त्याच्याच दारात जाणार, त्याच्या लग्नकार्यात जेवणार. त्यानं अडवावं तर कशाच्या जोरावर? एका मोठ्या माणसाच्या नैतिक वजनावर जे गाव चालतं ते त्या माणसाबरोबर थकतं. सरकारचं काम हेच की जे हिवरे बाजारला एका माणसाच्या शब्दावर झालं ते बाकी गावांना कायद्याच्या जोरावर करता यावं. ग्रामसभेनं ताळेबंद मांडला आणि यंदा नवीन बोअर नाही असा ठराव केला, तर तो ठराव तहसीलदारावर बंधनकारक पाहिजे. आणि कारवाई शेतकऱ्यावर नको, गाडीवर पाहिजे. शेतकरी हजारोंनी आहेत आणि अडचणीत आहेत, गाड्या मोजक्या आहेत आणि धंदा करतायत. गाडीला जीपीएस लावा, किती फूट खणलं त्याची नोंद सक्तीची करा, मोडलं तर गाडी जप्त. एका तालुक्यात दोन गाड्या महिनाभर उभ्या राहिल्या की निरोप सगळीकडे पोचेल.

आणि ताळेबंद मांडायला माणूस पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे, त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत, अभ्यासू लोक आहेत, मी भेटलोय. पण ते ऑफिस जिल्ह्याला आणि गावात आहे एक ग्रामसेवक, त्याच्याकडे दोन-तीन गावं आणि पन्नास रजिस्टर. दहा-पंधरा गावांमागे पाण्याचं कळणारा एक पोरगा किंवा पोरगी नेमली, त्याच तालुक्यातली, जिला पर्जन्यमापक वाचता येतो, विहिरीची पातळी मोजता येते आणि ग्रामसभेत उभं राहून साध्या भाषेत सांगता येतं, तर एका बंधाऱ्याच्या पैशात किती वर्षं पगार निघेल याचा हिशोब करून बघा. पैशाचं रडगाणं मला पटत नाही, कारण याच राज्यानं १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंची रोजगार हमी उचलून धरली, १९७७ ला तिचा कायदा केला, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायला सुरुवात केली. देशात तसा कायदा यायला २००५ उजाडलं. आजही पगाराच्या स्लिपवर ती कपात दिसते, बहुतेकांना माहीत नसतं की ती सुरू झाली खेड्यातल्या कामासाठी. हे करण्याची धमक आपल्यात होती.

गायरानावर बोलताना मात्र जरा सांभाळून बोलायला पाहिजे. २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग केसमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा आणि जमीन गावाला परत द्या, त्यानंतर जुलैत आपल्या सरकारचा जीआर पण निघाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण महाराष्ट्रात गायरान कसणारे बरेचसे भूमिहीन दलित आणि भटके आहेत, दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच पडीक जमिनींसाठी, आणि १९९१ च्या जीआरनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं होतं. त्यांच्यातले कितीतरी जण अजून सातबाऱ्यावर नाव लागायची वाट बघतायत. सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात भूमिहीनांना किंवा दलित-आदिवासींना सरकारनं दिलेल्या जमिनीचा अपवाद मान्य केलेला आहे, ते वाक्य मात्र कुणी वाचून दाखवत नाही. मोहीम निघाली की जेसीबी आधी पालावर जातो, गायरानात दहा एकर घालून शेड बांधलेल्या पुढाऱ्याकडे जात नाही. म्हणून माझी मागणी अशी की आधी मोजणी करा, सरकारी खर्चानं, नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, कोण कधीपासून आहे ते सगळ्यांना दिसू द्या, भूमिहीनांचा जुना ताबा कायम करा आणि मगच बाकीचं काढा. आता सौर कृषी वाहिनीसाठी गायरानं घ्यायला सुरुवात झालीय. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही, दिवसा वीज त्यातूनच येणार आहे. पण ज्या गायरानात शंभर शेळ्या चरतात तिथं कुंपण पडलं तर त्या शेळ्यावाल्या बाईनं कुठं जायचं हे ठरवताना ग्रामसभा घेतली पाहिजे, आणि ती सुद्धा आधी, कुंपण पडल्यावर नाही.

सरकारला हे जमत नाही असं मी म्हणणार नाही, कारण जमलेलं एक उदाहरण आहे आणि ते मला फार जवळचं आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्या गावाची. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २००९ ला या गावाला जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना कारण वाहतुकीचा पास वनखात्याकडे. गाव अडून राहिलं. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात गेले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एक पुस्तक! त्यात सिमेंट नव्हतं, टेंडर नव्हतं. आणि त्या पुस्तकानं गावाला बांबूचे पैसे मिळाले, आणि जंगल तोडून खायचं की राखून खायचं हे गावाच्या हातात आलं. मला राज्य सरकारकडून असल्या गोष्टी हव्यात.

वाळूचं थोडक्यात. २०२३ ला ६०० रुपये ब्रासनं डेपोतून वाळू, मग २०२५ ला ते धोरण बदललं, धोरणं बदलत राहतात पण रात्रीचे ट्रॅक्टर-हायवा थांबत नाहीत. नदीतली वाळू गेली की काठच्या विहिरी जातात, कारण वाळूच पाणी धरून ठेवते. आणि ते थांबवायला रात्री कुणाला पाठवतात, तर एकट्या तलाठ्याला आणि कोतवालाला, मोटारसायकलवर. त्यांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. पोलीस बंदोबस्ताशिवाय त्यांना पाठवणं बंद करा, आणि घाटाचा लिलाव करायचा का नाही हे त्या गावच्या ग्रामसभेला विचारा, तिनं नाही म्हटलं तर ते अंतिम धरा.

त्या रात्रीच्या बोअरला छत्तिसाव्या रॉडलाही पाणी लागलं नाही. पहाटे गाडी गेली, बिल मात्र पूर्ण फुटांचं झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही काही जणांनी शाळेजवळच्या सार्वजनिक विहिरीला दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून पाणी मोजायला सुरुवात केली, आठवीतल्या पोरी मोजतात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं आकडा लिहितात. पहिले काही आठवडे कुणी बघितलं नाही, आता चहा पिता पिता लोक बघतात आणि वाद घालतात. त्या आकड्यांवरून ग्रामसभेत ठराव झाला, शिवारात दोन वर्षं नवीन बोअर नको आणि ओढ्यावरच्या दोन बंधाऱ्यांना दारं बसवून द्या. विरोध झाला, तरी झाला ठराव. त्याची प्रत आम्ही तालुक्याला नेऊन दिली. पोच माझ्याकडे आहे, तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे. पावसाळा संपत आलाय, दारं आत्ताच बसवायला पाहिजेत, आणि वरून अजून उत्तर आलेलं नाही.